मुलाचे पाय पाळण्यात दिसतात का?

२७ जून २०१३ ची रात्र. न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागातील एका बंदिस्त क्रीडागारात हजारो प्रेक्षक जमले होते. सामना मात्र नव्हता. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेचे, म्हणजेच एन.बी.ए.चे तीस संघ त्या रात्री आपले नवे खेळाडू निवडणार होते. पहिली निवड करण्याचा मान क्लीव्हलँडच्या संघाकडे होता. त्यांनी अँथनी बेनेट या वीस वर्षांच्या कॅनेडियन तरुणाचे नाव दिले. आणखी तेरा नावे झाल्यावर, पंधराव्या क्रमांकावर, मिल्वॉकीच्या संघाने एका साडेअठरा वर्षांच्या काटकुळ्या मुलाला घेतले. यानिस अँटेटोकुंपो हे त्याचे नाव. नायजेरियन आईवडिलांच्या पोटी अथेन्समध्ये जन्मलेला हा मुलगा तोपर्यंत ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीतील एका क्लबकडून खेळत होता.

पुढे काय झाले? बेनेटची एन.बी.ए.मधली कारकीर्द चार हंगामांत आणि चार संघांत संपली. सामन्यामागे त्याची सरासरी होती ४.४ गुण. यानिस मात्र २०१९ आणि २०२० असा दोनदा स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२१ मध्ये त्याने मिल्वॉकीला विजेतेपद मिळवून दिले.

मग त्या रात्री चौदा निवडी करणाऱ्या जाणत्या माणसांना हे का दिसले नाही? त्यांच्याजवळ पैसा होता, चित्रफिती होत्या, डॉक्टर होते, वर्षभर गावोगाव हिंडून खेळाडू हेरणारे अनुभवी निरीक्षक होते. ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ असे आपण सहज म्हणतो. येथे तर पाय पाहण्यासाठीच माणसे नेमलेली होती, तरी ते दिसले नाहीत.

हा प्रश्न बास्केटबॉलपुरता असता तर या पानांवर त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु ‘हा पुढे जाईल’, ‘हिच्यात काही विशेष दिसत नाही’ असे निर्णय आपण शिक्षक दरवर्षी करत असतो. फरक एवढाच, की आपल्या निर्णयांचा हिशेब कोणी ठेवत नाही आणि एन.बी.ए.मध्ये प्रत्येक फेक, प्रत्येक मिनिट आणि प्रत्येक निवड नोंदलेली असते. म्हणून ‘सुप्त क्षमता’ ओळखताना माणसे कोठे चुकतात, हे तपासायला ही एक उत्तम प्रयोगशाळा आहे.

निवड कशी होते?

या वार्षिक निवडीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. आदल्या हंगामात मागे पडलेल्या संघांना आधी निवड करता यावी, म्हणजे संघांमधील अंतर कमी होईल, असा तिचा हेतू. मात्र पहिली निवड मिळावी म्हणून कोणी मुद्दाम हरू नये यासाठी १९८५ पासून अग्रक्रम सोडत काढून ठरवतात. निवड दोन फेऱ्यांत होते आणि साधारण साठ खेळाडू घेतले जातात. आजच्या नियमानुसार खेळाडूला त्या वर्षात एकोणीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात. पहिल्या फेरीतील खेळाडूशी संघ दोन वर्षांचा पक्का करार करतो. पुढची दोन वर्षे त्याला ठेवायचे की नाही, हे संघ ठरवतो. म्हणजे विशी-एकविशीतच एखाद्याच्या भवितव्यावर शेरा मारावा लागतो.

आधी एका गैरसमजाला वाट देऊ नये म्हणून सांगतो, की हे निरीक्षक अडाणी नसतात. हकीम ओलाजुवॉन (१९८४), शकील ओनील (१९९२), टिम डंकन (१९९७), लेब्रॉन जेम्स (२००३) हे सगळे पहिल्याच क्रमांकावर निवडले गेले आणि खरोखर थोर खेळाडू झाले. सरासरी पाहिली तर आधी निवडलेले खेळाडू नंतर निवडलेल्यांपेक्षा चांगलेच ठरतात. परंतु सरासरीच्या भोवतीचा विखार, म्हणजे विखुरलेपण, फार मोठे असते. २०१४ मध्ये सर्बियाचा निकोला योकिच चक्क एक्केचाळिसावा निवडला गेला. तो २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेव्हा ‘काहीच कळत नाही’ हेही खरे नाही आणि ‘सगळे कळते’ हेही नाही. किती कळते आणि का अडते, हे पाहायचे आहे.

टेपने काय मोजता येते?

ड्राफ्टच्या आधी उमेदवारांची मोजमापे घेतात. अनवाणी उंची, वजन, हात वर करून उभे राहिल्यावर बोटे कोठवर पोहोचतात ती उंची, उडीची उंची, धावण्याचा वेग आणि पसरलेल्या दोन्ही हातांची लांबी, म्हणजे वाव. सामान्य माणसाचा वाव त्याच्या उंचीइतकाच असतो. वर्गात टेप घेऊन हे मोजून पाहा. मुलांना मौज वाटते. एन.बी.ए.तील खेळाडूंचा वाव मात्र सरासरीने उंचीपेक्षा सहा टक्क्यांनी जास्त भरतो. बास्केटची कडी जमिनीपासून ३.०५ मीटर उंच असते आणि चेंडू हातांनीच अडवायचा असतो, हे लक्षात घेतले की लांब हातांचे महत्त्व कळते.

अशी मोजमापे अचूक असतात, दुसऱ्याने घेतली तरी तीच येतात. म्हणून ती विश्वासार्ह वाटतात. परंतु अचूक मोजलेली गोष्ट महत्त्वाची असेलच असे नाही. २००७ मध्ये केव्हिन ड्युरंट या सडपातळ मुलाला चाचणीत ८४ किलोचे वजन आडवे पडून एकदाही उचलता आले नाही. त्याची बरीच चर्चा झाली. पुढे तो चार वेळा हंगामात सर्वाधिक सरासरीने गुण करणारा खेळाडू ठरला. बास्केटबॉलमध्ये ८४ किलोचे वजन कोणी आडवे पडून उचलत नाही, ही साधी गोष्ट होती. उलट योकिच हळू धावतो आणि फारशी उंच उडीही मारत नाही. त्याचे सामर्थ्य सहकारी कोठे पोहोचणार आहे हे आधी ओळखून तेथे चेंडू देण्यात आहे. त्यासाठी टेप नाही.

उंचीचे काय? अमेरिकन पुरुषाची सरासरी उंची सुमारे १.७५ मीटर आहे, तर एन.बी.ए. खेळाडूची १.९८ मीटरच्या आसपास. म्हणजे उंची महत्त्वाची आहे, यात वाद नाही. पण गंमत अशी, की एन.बी.ए.त पोहोचलेल्यांमध्ये उंच खेळाडू ठेंगण्यापेक्षा चांगलाच असेल असे मुळीच दिसत नाही. २००९ मध्ये दुसरा निवडला गेलेला खेळाडू २.२१ मीटर उंच होता. त्याची सामन्यामागे सरासरी २.२ गुण राहिली. सातवा निवडला गेलेला स्टीफन करी १.८८ मीटरचा. तो २०१५ आणि २०१६ मध्ये सर्वोत्तम ठरला.

हा विरोधाभास नाही. उंची हे एकदा चाळणी म्हणून वापरून झाले, की चाळणीतून पडलेल्यांमध्ये फरक करण्याची तिची ताकद कमी होते. शिवाय कमी उंची असूनही जो चाळणीतून पार झाला, त्याच्याजवळ दुसरे काहीतरी असामान्य असलेच पाहिजे, नाहीतर तो तेथे पोहोचलाच नसता. प्रवेश परीक्षेच्या गुणांवर निवडलेल्या वर्गातही हेच होते. तेथे परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी आणि शेवटचा आलेला विद्यार्थी यांच्या पुढील कामगिरीत अपेक्षेइतका फरक दिसत नाही. त्यावरून ‘परीक्षा निरुपयोगी’ असा निष्कर्ष काढणे चूक. ज्यांना प्रवेशच मिळाला नाही, ते या तुलनेत नाहीत, हे विसरता कामा नये.

शंभर फेकी पुरेत का?

टेप सोडून प्रत्यक्ष खेळाकडे वळू. समजा, एका कॉलेजच्या खेळाडूने हंगामात लांबून, म्हणजे तीन गुणांच्या रेषेबाहेरून, १०० फेकी केल्या आणि ४५ बास्केटात गेल्या. दुसऱ्याच्या १०० पैकी २७ गेल्या. पहिला उत्तम नेमबाज आणि दुसरा सुमार, असेच कोणीही म्हणेल.

आता गणित करू. समजा, दोघांचेही खरे कौशल्य सारखेच आहे, दर शंभरात ३६. तरीही प्रत्येक शंभरात बरोबर ३६ जाणार नाहीत. नाणे शंभरदा उडवले तर बरोबर पन्नास वेळा छापा पडत नाही, तसेच हे. हा चढउतार किती, हे काढण्याची रीत सोपी आहे. यशाची शक्यता ०.३६, अपयशाची ०.६४. त्यांचा गुणाकार ०.२३०४. त्याला फेकींच्या संख्येने, १०० ने, भागून वर्गमूळ घेतले की ०.०४८ येते, म्हणजे सुमारे ५ टक्के. सामान्यतः निकाल याच्या दुप्पट अंतरात, म्हणजे शंभरात २६ ते ४६ या पट्ट्यात पडतो. आपले २७ आणि ४५ दोन्ही याच पट्ट्यात आहेत! अनिश्चितता निम्मी करायची असेल तर फेकी चौपट, म्हणजे ४०० हव्यात. इतक्या फेकी कॉलेजच्या एका हंगामात बहुतेकांच्या होत नाहीत.

म्हणून हुशार निरीक्षक आणखी एक आकडा पाहतात, तो फ्री थ्रोचा. ही फेक ४.५७ मीटरवरून करायची असते. समोर अडवणारा नसतो आणि अंतर कधी बदलत नाही. म्हणजे येथे परिस्थितीची भेसळ कमी आणि हाताचे कौशल्य जास्त दिसते. कावाय लेनर्डचे उदाहरण पाहा. कॉलेजच्या दोन वर्षांत त्याच्या लांबच्या फेकींपैकी सुमारे २५ टक्केच यशस्वी झाल्या होत्या. पण फ्री थ्रो मात्र चारांपैकी तीन जात. २०११ मध्ये तो पंधरावा निवडला गेला आणि त्याच रात्री सॅन अँटोनिओ संघाकडे आला. तेथील नेमबाजीचे प्रशिक्षक चिप एंगेलँड यांनी त्याची चेंडू सोडण्याची पद्धत सुधारली. पहिल्याच हंगामात त्याच्या लांबच्या फेकी ३७ टक्क्यांहून अधिक यशस्वी झाल्या. पुढे २०१४ आणि २०१९ मध्ये तो अंतिम फेरीतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. ‘त्याला नेम नाही’ हा शेरा थोड्या फेकींवर बेतलेला होता, आणि जो दोष होता तो शिकवून जाण्यासारखा होता. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि दोन्ही विचारावे लागतात.

वर्गात करून पाहण्याचा प्रयोग

चाळीस मुलांचा वर्ग, एक बादली आणि कागदाचे दहा बोळे. बादली तीन मीटर दूर ठेवा. प्रत्येकाने दहा बोळे टाकायचे. यशस्वी फेकी फळ्यावर लिहा. सर्वांत जास्त यश मिळालेली पाच मुले हा ‘अ’ संघ. सर्वांत कमी मिळालेली पाच हा ‘ब’ संघ. दोन्ही संघांची सरासरी काढा. आता दोन्ही संघांना पुन्हा दहा दहा बोळे टाकायला सांगा.

बहुधा ‘अ’ संघाची सरासरी खाली येईल आणि ‘ब’ संघाची वर जाईल. ‘अ’ संघातली मुले गर्वाने बिघडली नाहीत आणि ‘ब’ संघातली एकाएकी सुधारली नाहीत. पहिल्या फेरीत वर येण्यासाठी कौशल्य आणि नशीब दोन्ही लागले होते. दुसऱ्या फेरीत कौशल्य सोबत राहिले, नशीब पुन्हा नव्याने वाटले गेले. याला सरासरीकडे परतणे म्हणतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुले यांच्या उंचीची तुलना करताना हे मांडले होते.

या प्रयोगाला एक जोड द्या. पहिल्या फेरीनंतर ‘अ’ संघाची स्तुती करा आणि ‘ब’ संघाला जरा रागवा. दुसऱ्या फेरीचा निकाल पाहून वर्गाला विचारा, ‘स्तुतीने मुले बिघडतात आणि रागावल्याने सुधारतात, हे सिद्ध झाले ना?’ इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांचा अनुभवावरून नेमका असाच ग्रह झाला होता, असे मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांनी लिहिले आहे. आपलाही तो अनेकदा होतो.

कोठे आहे ते नव्हे, कोणत्या वयात आहे ते

आता वयाचा प्रश्न. उन्नीस वर्षांचा आणि बावीस वर्षांचा असे दोघे सारखेच गुण करत असतील, तर दोघांची क्षमता सारखी मानायची का? कौशल्याचा वर्षागणिक आलेख काढला तर आजची कामगिरी हा त्यावरचा एक बिंदू आहे. एका बिंदूवरून रेषेचा चढ कळत नाही. आपल्याला तर चढच हवा असतो. लहान वयात तेथवर पोहोचलेल्याचा चढ बहुधा अधिक असतो, म्हणून निरीक्षक वयाचे महिनेसुद्धा मोजतात.

शरीराची वाढ हा त्यातला एक भाग. यानिस निवडला गेला तेव्हा २.०६ मीटर उंच होता. त्यानंतर तो आणखी सुमारे पाच सेंटिमीटर वाढला. २०१२ मध्ये पहिला निवडला गेलेला अँथनी डेव्हिस शाळेत असताना सर्वसाधारण उंचीचा, चेंडू पुढे नेणारा खेळाडू होता. दीड वर्षात तो सुमारे वीस सेंटिमीटर वाढला. लहानखुऱ्या मुलाच्या हालचाली त्याच्या अंगात आधीच मुरल्या होत्या, त्या उंचीबरोबर गेल्या नाहीत. मायकेल जॉर्डनची कथा तर सर्वश्रुत आहे. १९७८ मध्ये शाळेच्या मुख्य संघात त्याची निवड झाली नाही. त्याला ‘काढून टाकले’ असे सांगतात ते बरोबर नाही. त्याला कनिष्ठ संघात ठेवले. तेव्हा तो सुमारे १.७८ मीटरचा होता आणि मुख्य संघाला उंच मुलाची गरज होती, म्हणून त्याच्याच वयाचा पण दोन मीटर उंचीचा वर्गमित्र घेतला गेला. त्या दिवशीच्या संघासाठी तो निर्णय वाजवी होता. चूक झाली असती ती जॉर्डनला कनिष्ठ संघातही जागा दिली नसती तर.

वयाचा हा परिणाम शाळेत अधिक तीव्र असतो. एकाच वर्गात नुकतीच सहा पूर्ण झालेली आणि सात पूर्ण होत आलेली मुले शेजारी बसतात. त्यांच्यातले अंतर त्यांच्या आयुष्याच्या सहाव्या हिश्शाएवढे असते. कॅनडात रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले, की तेथील उत्तम हॉकीपटूंमध्ये वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या फार जास्त आहे. कारण वयोगट १ जानेवारीला सुरू होत असे. जानेवारीत जन्मलेला मुलगा गटात सर्वांत मोठा, म्हणून तो निवडला जाई. निवडला गेला म्हणून त्याला अधिक सराव मिळे. आणि सरावामुळे तो खरोखरच चांगला होई. जन्मतारखेचे रूपांतर गुणवत्तेत होण्याची ही वाट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

शेरा आणि संधी

आता यानिसचे पहिले सहा हंगाम पाहू. एन.बी.ए.चा सामना ४८ मिनिटांचा असतो. संघातला प्रमुख खेळाडू त्यांपैकी ३६ मिनिटांच्या आसपास खेळतो. म्हणून शेवटचा आकडा ‘३६ मिनिटांमागे गुण’ असा काढला आहे.

२०१३-१४ : सरासरी मिनिटे २४.६, गुण ६.८, ३६ मिनिटांमागे १०.०
२०१४-१५ : मिनिटे ३१.४, गुण १२.७, ३६ मिनिटांमागे १४.६
२०१५-१६ : मिनिटे ३५.३, गुण १६.९, ३६ मिनिटांमागे १७.२
२०१६-१७ : मिनिटे ३५.६, गुण २२.९, ३६ मिनिटांमागे २३.२
२०१७-१८ : मिनिटे ३६.७, गुण २६.९, ३६ मिनिटांमागे २६.४
२०१८-१९ : मिनिटे ३२.८, गुण २७.७, ३६ मिनिटांमागे ३०.४

नुसते गुण पाहिले तर सहा हंगामांत चौपट वाढ दिसते. मिनिटांचा हिशेब धरला तर तिप्पट. म्हणजे वाढीचा काही भाग त्याला अधिक वेळ मिळाल्याचा होता. पण पहिल्या वर्षीच्या ६.८ गुणांकडे पाहून संघाने त्याची मिनिटे कमी केली असती तर? मग हे आकडे आपल्यापुढे आलेच नसते, आणि ‘त्याच्यात दम नव्हता’ हे म्हणणे खोटे ठरवायला कोणाजवळ काही पुरावाही नसता.

हा तर्क नुसता कल्पनेतला नाही. बॅरी स्टॉ आणि हा होआंग यांनी १९९५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९८० ते १९८६ या काळात निवडले गेलेले खेळाडू त्यांनी घेतले. मैदानावरची कामगिरी सारखी असतानाही, आधी निवडलेल्या खेळाडूला अधिक मिनिटे मिळतात आणि तो अधिक वर्षे टिकतो, असे त्यांना आढळले. ज्याच्यावर मोठी किंमत मोजली, त्याला बसवून ठेवणे संघाला जड जाते. १९९९ मध्ये कॉलिन कॅमेरर आणि रॉबर्टो वेबर यांनी हाच प्रश्न अधिक काटेकोरपणे तपासला. परिणाम आधी वाटला होता त्यापेक्षा कमी निघाला, पण नाहीसा झाला नाही. म्हणजे निवडीचा क्रमांक हे केवळ भाकीत नसते, ते भाकीत खरे करायला हातभारही लावते.

शिक्षणात याला जोडून एक प्रसिद्ध प्रयोग आहे. रॉबर्ट रोझेंथाल आणि लेनोर जेकबसन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात शिक्षकांना काही मुलांची नावे देऊन सांगितले, की ही मुले यंदा चमकणार आहेत. नावे प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काढलेली होती. वर्षअखेर पहिली-दुसरीच्या वर्गांत ही ‘चमकणारी’ मुले खरोखर पुढे गेलेली आढळली. या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली, आणि नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम बहुधा लहान असल्याचे दिसले. परंतु लहान परिणामही रोज, वर्षानुवर्षे होत राहिला तर लहान राहत नाही.

निकाल वाईट म्हणजे निर्णय वाईट?

१९८४ चा ड्राफ्ट नेहमी हसण्यावारी नेला जातो. ओलाजुवॉन पहिला गेला. दुसऱ्या क्रमांकावर पोर्टलंडने सॅम बोवीला घेतले आणि तिसरा राहिलेला मायकेल जॉर्डन शिकागोकडे गेला. परंतु त्या दिवशी पोर्टलंडजवळ काय माहिती होती? जॉर्डनच्याच जागी खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर त्यांनी आदल्याच वर्षी घेतला होता. त्यांना २.१६ मीटर उंचीच्या मध्यवर्ती खेळाडूची उणीव होती. बोवी चांगला खेळाडू होता. एका गोष्टीबद्दल मात्र त्यांना दोष देता येतो. नडगीच्या हाडाच्या दुखापतीने बोवीचे कॉलेजचे सलग दोन हंगाम बुडाले होते. ही माहिती उघड होती, आणि पुढे दुखापतींनीच त्याचा घात केला. निर्णयाची परीक्षा करायची तर ती ‘जॉर्डन किती थोर झाला’ यावर नव्हे, तर ‘हातातल्या पुराव्याला योग्य वजन दिले का’ यावर करावी. बेनेटचेही तसेच. निवडीच्या वेळी त्याच्या खांद्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झालेली होती आणि हाताशी कॉलेजचा एकच हंगाम होता.

क्षमता ही खेळाडूच्या अंगातली एकटीदुकटी वस्तूही नसते. पंजाबमधील बल्लो के या खेड्यातला सतनामसिंग भामरा २०१५ मध्ये बावन्नाव्या क्रमांकावर निवडला गेला. भारतात जन्मून एन.बी.ए.च्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला खेळाडू. उंची २.१८ मीटर, वय १९. परंतु एन.बी.ए.च्या मुख्य स्पर्धेत त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही. त्याच सुमारास खेळ पालटत होता. बास्केटखाली उभ्या राहणाऱ्या महाकाय खेळाडूचे महत्त्व कमी होऊन लांबून नेम धरणाऱ्या, चपळपणे जागा बदलणाऱ्या खेळाडूंना मागणी आली होती. वीस वर्षे आधीच्या एन.बी.ए.मध्ये त्याच उंचीला वेगळा भाव मिळाला असता. ‘याच्यात क्षमता आहे का?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘कशासाठी आणि कोठे?’ हेही विचारावे लागते.

आपल्यासाठी

वर्गातल्या मुलाबद्दल मत बनवताना चार प्रश्न स्वतःला विचारायची सवय ठेवता येईल. माझे मत किती प्रसंगांवर आधारलेले आहे. दहा बोळ्यांवर की चारशे फेकींवर? मी जे मोजले ते सोयीचे म्हणून मोजले की महत्त्वाचे म्हणून? या मुलाचे वय आणि वाढ वर्गातल्या इतरांच्या मानाने कोठे आहे? आणि माझ्या मतामुळे त्याला मिळणारी संधी कमी झाली आहे का?

यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड, कारण त्याची चूक कधी दिसून येत नाही. अयोग्य मुलाला संघात घेतले तर ते मैदानावर सगळ्यांना दिसते. योग्य मुलाला बाहेर बसवले तर काहीच दिसत नाही. तो नुसता बाहेर बसलेला असतो. म्हणून शाळेचा संघ असो, विज्ञान प्रदर्शन असो की फळ्यावर गणित सोडवायला बोलावणे असो, निवड करताना दोनचार जागा यादीच्या तळाकडच्या मुलांसाठी राखून ठेवाव्यात आणि निकाल वहीत नोंदवावेत. जूनमध्ये प्रत्येक मुलाविषयी आपला अंदाज एका कागदावर लिहून पाकिटात बंद करा. ते पाकीट वर्षभर कोणाला दाखवू नका, स्वतःही उघडू नका. एप्रिलमध्ये ते काढून पडताळा. किती अंदाज चुकले ते मोजा, आणि जे बरोबर आले त्यांपैकी किती आपणच बरोबर आणले, याचाही विचार करा.